सतरा टक्क्यांवर गप्प बसलेला अलार्म

कंपनीचे इंजिनिअर दुपारी तीनला येणार होते आणि सकाळी अकरालाच आमचा सेन्सर खोलीतल्या हवेत २६ टक्के ऑक्सिजन दाखवायला लागला. हवेत असतो २०.९. जुलैत पुणं कितीही हिरवंगार झालं तरी एवढा नाही!

गटारात किंवा टाकीत माणूस उतरण्याआधी आत सोडतात त्या डिटेक्टरमधला ऑक्सिजनचा सेल बऱ्याचदा शिशाचा असतो. शिसं हळूहळू खर्ची पडतं आणि दोनेक वर्षांत सेल टाकून द्यावा लागतो. त्यातलं पाण्याचं इलेक्ट्रोलाइट, म्हणजे वीज वाहून नेणारं द्रावण, कडक उन्हाळ्यात सुकतं, ते वेगळंच. आमचं म्हणणं, शिसंही नको आणि पाणीही नको. त्याऐवजी आयनिक लिक्विड घ्यायचं, म्हणजे खोलीच्या तापमानालाच द्रव असलेलं मीठ. त्याची वाफ जवळजवळ होतच नाही. त्यात कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, खलल्या की द्रवाचा जेल होतो, हे फुकुशिमा आणि आइदा यांच्या जपानी गटाने २००३ मध्ये दाखवलं होतं. मला स्वतःला हे खलण्याचं काम फार आवडतं. अगेटच्या खलात चिकट द्रव घ्यायचा, मास्क लावून चिमूटभर काळी पूड टाकायची आणि घोटत राहायचं. मग एका क्षणी बत्ता उलटा धरला तरी त्याला लागलेला चकचकीत काळा गोळा ओघळत नाही. तो चिपवरच्या इलेक्ट्रोडवर पसरला की सेल तयार.

सरांचा पहिला संशय रेफरन्स इलेक्ट्रोडवर, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात त्या चांदीच्या तारेवर. ती तार बदलली, पण आकडा हलला नाही. मग व्होल्टेज पुढे-मागे फिरवून करंटचा आलेख काढला. कोरड्या लिक्विडमध्ये ऑक्सिजनचा रेणू एकच इलेक्ट्रॉन घेतो आणि सुपरऑक्साइड होतो. व्होल्टेज उलट फिरवलं की तो इलेक्ट्रॉन परत करतो आणि आलेखावर परतीचा उंचवटा येतो. नॅनोट्यूबमुळे आलेख मुळातच फुगलेला असतो, तरी हा उंचवटा ओळखू येतो. त्या दिवशी तो गायब होता.

तेवढ्यात लॅबमधले काका म्हणाले, "मॅडम, डेसिकेटरमधली सिलिका बघितलीत का? सगळी गुलाबी झालीये."

निळी सिलिका गुलाबी झाली म्हणजे तिची ओल शोषायची ताकद संपली. डेसिकेटर म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायचा बंद डबा, आणि आमच्या चिप तिथेच ठेवलेल्या होत्या. आयनिक लिक्विड उडून जात नाही हे खरं, पण शेवटी मीठच ते, हवेतलं पाणी ओढून घेतं. पाण्यातून प्रोटॉन मिळाले की सुपरऑक्साइड टिकत नाही आणि प्रत्येक रेणूमागे दुसराही इलेक्ट्रॉन खर्च व्हायला लागतो. शिवाय द्रव पातळ झाल्याने ऑक्सिजन इलेक्ट्रोडपर्यंत लवकर पोचतो. दोन्हीमुळे करंट वाढतो, आणि सेन्सर करंटवरूनच ऑक्सिजन मोजतो, म्हणून आकडाही फुगतो. कार्ल फिशर टायट्रेशनने पाणी मोजलं, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही.

सेल व्हॅक्युम ओव्हनमध्ये टाकला असता तर दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं जागेवर आलं असतं. पण मला २६ पेक्षा दुसऱ्याच आकड्याची काळजी लागली. हवेत नायट्रोजन मिसळून ऑक्सिजन १७ टक्क्यांवर आणला, मिश्रण पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत नेलं आणि आमच्या सेलवर सोडलं. शेजारी बाजारातला डिटेक्टर ठेवला होता. त्याचा अलार्म १९.५ ला लावलेला, तो लगेच किंचाळायला लागला. आमच्या स्क्रीनवर २१ आलं. म्हणजे सगळं ठीक, बिनधास्त उतरा.

चूक खालच्या बाजूला असती तर चाललं असतं, फार तर अलार्म उगाच वाजला असता. ही चूक माणसाला खाली उतरवणारी होती.

"सर, तीन वाजता काय दाखवायचं?"

"हेच दाखव. बाकीचं नंतर."

इंजिनिअरसाहेबांनी शांतपणे दोन्ही स्क्रीन पाहिले. "मॅडम, गटारात आर्द्रता शंभर टक्क्यांच्या आसपासच असते हो. तुम्ही टेफ्लॉनचा पडदा लावणार होतात ना?" लावणार होतो, पण टेफ्लॉन थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. ऑक्सिजन ज्या छिद्रांतून आत येतो, त्याच छिद्रांतून तीही येते. पुढचा तासभर आमचं बोलणं फक्त पाण्यावर चाललं.

त्यानंतर आम्ही आधीचं, टेट्राफ्लुओरोबोरेट हा आयन असलेलं लिक्विड सोडलं आणि पाण्याशी त्यामानाने फटकून वागणारं, टीएफएसआय नावाच्या आयनचं घेतलं. तेही थोडं पाणी ओढतंच. म्हणून कॅलिब्रेशन आता ओल्या वायूत करतो, आणि चिपशेजारी आर्द्रतेचा छोटा सेन्सर बसवून रीडिंग दुरुस्त करतो. साठ-सत्तर टक्के आर्द्रतेपर्यंत हे नीट चालतं. नव्वदच्या वर मात्र दुरुस्तीचं समीकरण अजून डगमगतं, आणि इंजिनिअरसाहेब फोनवर दर वेळी नेमके तिथलेच आकडे मागतात.