पंचहौदचा चहा
डिसेंबर लागला की आमच्या शाळेत दोनच विषय, गॅदरिंग आणि पंचहौद. पुण्यात गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयात दरवर्षी कॅरल्सचा कार्यक्रम असायचा आणि आमच्यासारखी वाड्यातली पोरंपण कोरसमध्ये उभी राहायची, आजी विचारायची कुठे चाललास तर मी सांगायचो चर्चात गायला, तिला काही वाटायचं नाही, फक्त स्वेटर घाल म्हणायची.

हे देवालय १८८५ चं, तेव्हाचं अँग्लिकन, १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. आवारात पूर्वी पाण्याचे पाच हौद होते म्हणून मिशनचं नाव पंचहौद. गंमत म्हणजे घंटांचा मनोरा देवळाला चिकटलेला नाहीये, बाजूला वेगळा उभा आहे, तब्बल १३० फूट! वर आठ घंटा, इंग्लंडहून आलेल्या. एकदा आम्हाला खाली उभं राहून बघू दिलं होतं, दोर सर्रकन वर जातो आणि माणसाचे दोन्ही हात त्याच्याबरोबर डोक्यावर, मग परत खाली, आणि ओळीतला पुढचा तयार. त्या दिवशी मी कॅरलची दुसरी ओळ साफ विसरलो, लक्ष वरच.

आत गेलं की दोन्ही बाजूंना खांब आणि कमानी, पायाखाली थंडगार फरशी, आमचा आवाज छताला लागून परत यायचा त्यामुळे बेसूरसुद्धा बरा वाटायचा.

पण खरी मजा कार्यक्रम संपल्यावरची. आवारात स्टीलच्या किटलीतून चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं, आणि आमचे इतिहासाचे सर कप हातात घेऊन दरवर्षी तेच, "बघा हं, प्रायश्चित्त घ्यावं लागेल!" कारण १८९० मध्ये ह्याच मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावलेल्या लोकांना चहा बिस्किटं दिली, त्यात टिळक आणि रानडेसुद्धा होते, काहींनी घेतला, काहींनी कपाला हात लावला नाही, आणि गोपाळराव जोशींनी सगळ्यांची नावं पेपरात छापून आणली. (गोपाळराव म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशींचे मिस्टर.) झालं, ख्रिस्त्यांच्या हातचं घेतलं म्हणजे धर्म बाटला, प्रायश्चित्त घ्या म्हणून पुण्यात बोंबाबोंब, प्रकरण पार शंकराचार्यांपर्यंत.

सर ही गोष्ट इतकी रंगवायचे की त्यांचा चहा गार व्हायचा, मग दुसरा कप मागायचे. किटलीवाल्या मावशी म्हणायच्या, सर, दुसऱ्या कपाचं प्रायश्चित्त डबल!