अकरा पावलं

किल्ल्यांचा दुसरा जुडगा मी गेल्या दिवाळीत अगदी जपून ठेवला. तो अजून जपूनच आहे. त्यामुळे जंगलात कुणीतरी लपवलेला डबा शोधायला भाच्याने मला सोबत न्यावं, हाच मुळात विनोद.

इंदूरहून महू, महूच्या पुढे जानापावच्या बाजूची एक वाट. जिओकॅशिंग म्हणतात या खेळाला. ठिकाणा फोनमधल्या ॲपवर मिळतो, पण नेमकी जागा मी इथे सांगणार नाही, खेळणारे अशी फोडत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासाची चढण, पाऊस सरल्यावरचं सागाचं रान, किड्यांनी जाळी करून टाकलेली पानं. भाचा फोनमधल्या बाणामागे, मी भाच्यामागे. चंबळ याच डोंगरात उगम पावते हे मी दोनदा सांगून पाहिलं. "हं," म्हणाला.

दगडांच्या एका ढिगाशी बाण गोल गोल फिरायला लागला. जीपीएस चार-पाच मीटरपर्यंत आणून सोडतं, पुढचं आपल्या डोळ्यांनी. भाचा झाडाच्या ढोल्या तपासत बसला. मला मात्र एक दगड खटकला. बाकीच्यांचं शेवाळ वर, याचं खाली. आपण घरी नसताना कुणी कपाट आवरलं की कळतं ना, तसं.

खाली घट्ट झाकणाचा डबा. आत वही, शिसपेन्सिल, कीचेन, रबरी बेडूक. वहीत नाव-तारीख लिहायची, काही घेतलं तर त्याच तोलाचं काही ठेवायचं. भाच्याने बेडूक घेतला, मी पर्समधली सेफ्टी पिन ठेवली. सौदा खोटा वाटत असेल, तर चढणीवर एकदा चपलेचा पट्टा तुटू द्या.

खेळ मूळचा अमेरिकेचा. तिथलं सरकार जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं, ती मे 2000 मध्ये काढून टाकली. लगेच 3 मे रोजी ओरेगनमधल्या एकाने रानात काळी बादली ठेवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकला. बादलीत पुस्तकं होती, आणि एक बेचकी.

बेचकी! म्हणजे आमचाच डबा की. रामबागेतल्या वाड्यात दादाने आणि मी डालड्याचा डबा पुरला होता. बेचकी, सात गोट्या आणि दादाचं तिमाहीचं प्रगतिपुस्तक. नानांची सही व्हायची होती त्यावर. बिचारे नाना शाळेत जाऊन दुसरं घेऊन आले.

"बाबांना किती होते?"

"गणितात नऊ."

भाचा एवढा हसला की वरच्या फांदीवरचं माकड हललं. मग एकदम, "कुठे पुरला होता?"

"औदुंबरापासून न्हाणीघराकडे अकरा पावलं."

औदुंबर नाही, न्हाणीघर नाही. वाड्याच्या जागी तीन मजले आणि खाली पार्किंग. विचारायला दादाही नाही. भाचा मात्र उठून उभा राहिला.

"पावलं कुणाची?"

"तुझ्या बाबाची. नऊ वर्षांचा होता तेव्हा."

त्याने पाचोळ्यात एक पाऊल टाकून दाखवलं. "एवढं?"

"नाही रे. अजून लहान."