सेरेसवरची मानस

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचाच: विज्ञानकथेचं कॅम्पेन, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन, फासे टाकत खेळायच्या भूमिका-खेळातली अनेक बैठकांची कथा, चालवायचं तर आधी किती विश्व रचून ठेवावं लागतं?

फोंड्यात आमच्या टेबलावर हे विचारणाऱ्याच्या वहीत बहुधा आकाशगंगेचा नकाशा, तीन साम्राज्यं आणि त्यांच्या हजार वर्षांच्या लढाया तयारच असतात. म्हणून माझं उत्तर ऐकून तो जरा हिरमुसतो. एक वस्ती पुरे. तिला एक दार, आणि ते कधी उघडायचं यावरून भांडण.

माझं दार खाजनातलं आहे. आमच्याकडे नदीकाठची खाजनं, म्हणजे बांध घालून राखलेली शेतं, भरतीच्या पातळीच्या खाली असतात. बांध खारं पाणी अडवतो. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या वाटेची, दारं भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. मानशीपाशी मासळी मिळते, म्हणून तिथल्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. पावणी घेणाऱ्याला खारं पाणी जास्त आत यायला हवं असतं, कारण त्याबरोबर सुंगटं, म्हणजे कोळंबी, येतात. भातशेतीवाल्याला ते नको, शेत नासतं. दोघांचीही बाजू पटते. खलनायकाशिवाय पेटणारं असं भांडण सापडलं की अर्धं काम झालं.

ते मी उचलून सेरेसवर नेलं. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातला हा सगळ्यात मोठा गोळा, व्यास सुमारे 940 किलोमीटर. तिथल्या ऑकेटर विवरातले पांढरे डाग मुख्यतः सोडियम कार्बोनेटचे, म्हणजे धुण्याच्या सोड्याचे आहेत. 2015 साली तिथे पोचलेल्या डॉन यानाच्या मोजमापांवरून विवराखाली खारं पाणी असल्याचं शास्त्रज्ञ मानतात. खाजन आयतंच मिळालं! पुढचं माझं: बर्फात खणलेले बोगदे, त्यात शेती, चारपाचशे माणसं आणि खाऱ्या पाण्याचा एकच व्हॉल्व्ह, ज्याची पावणी होते. मक्तेदाराला क्षार काढून विकायचेत. झिरपणाऱ्या पाण्याने खालच्या बोगद्यातली पिकं जळतायत.

गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या तीन टक्क्यांहूनही कमी. साठ किलोच्या माणसाचा भार तिथे पावणेदोन किलोइतकाच जाणवेल. रागाने टेबलावर मूठ आपटली की आपटणाराच वर जातो. नियमांची पानं कुणी वाचत नाही, हे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतं.

प्रकाशाहून वेगवान जहाजं मी ठेवत नाही. कुमक लगेच पोचली तर भांडणात जीव उरत नाही. 1 डिसेंबर 1640 ला लिस्बनमध्ये स्पेनच्या राजाची सत्ता झुगारली गेली. गोव्याला ते कळेपर्यंत 1641 उजाडलं होतं. मधले महिने इथले अधिकारी कुणाच्या नावाने हुकूम काढत होते, याचा विचार करा. सेरेसचंही तसंच. पृथ्वीवरून निघायचा सोयीचा मुहूर्त साधारण सव्वा वर्षाने येतो. निरोप प्रकाशाच्या वेगाने गेला तरी अंतराप्रमाणे 13 ते 33 मिनिटं, आणि उत्तराला पुन्हा तेवढीच. फोनवर वाद घालायची सोय नाही. जे ठरवायचं ते तिथल्या तिथे.

बंदुका, यंत्रमानव, कपडे यांचं खेळाडू विचारतील तेव्हा ठरवा. परग्रहवासी तर मला लागलेच नाहीत. पेडण्याकडे दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, संवाद नट उभ्या उभ्या रचतात. तेवढी मोकळीक आपल्याही मंडळींना द्यायला काय हरकत आहे?

पहिल्या सेशनला पावणीचाच दिवस घ्या. एक खेळाडू शेतीवाल्यांच्या घरचा, एक व्हॉल्व्हवर कामाला, तिसरा जहाज चुकल्यामुळे अडकलेला खलाशी. बोलीपुरते पैसे मात्र कुणा एकाकडे ठेवू नका, म्हणजे पहिला फासा पडायच्या आधीच ते एकमेकांशी सौदे करायला लागतात.