बोअरचं पाणी आणि आमचा स्लॅब

दांडिया बाजारातलं जुनं घर वाटणीत गेलं आणि आम्ही बडोद्याबाहेर, पादऱ्याच्या रस्त्याला प्लॉटवर बांधकाम काढलं. बोअरला पाणी भरपूर लागलं, पण मचूळ.

मे महिन्यात वीटकाम चालू असताना मिस्त्री खुशीत म्हणाला, "काका, आ पाणीमां माल जल्दी पकडे छे." खरंच, घमेल्यातला सिमेंट-वाळूचा माल बघता बघता घट्ट व्हायचा आणि तो वरून पाणी शिंपडून पुन्हा कालवायचा. ते आधी बंद करायला लावलं. मी पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडलेला माणूस, पण एवढं डोक्यात राहिलं होतं: क्लोराइडं सिमेंटची पाण्याशी होणारी क्रिया पळवतात. कॅल्शियम क्लोराइड सगळ्यात जोरात, साधं मीठ त्याहून बरंच कमी. जस्ताचे किंवा शिशाचे क्षार उलटे, सेट होणं लांबवतात. आणि सिमेंट घमेल्यातच दगड होऊ नये म्हणून कारखान्यात त्यात जिप्सम दळतात, तोही क्षारच.

स्लॅब आठवड्यावर आला होता. बोअरच्याच पाण्याने दोनदा खळबळून घेतलेला कॅन भरला आणि लॅबला दिला. फी ऐकून बायको म्हणाली, "पाणी तपासायला एवढे?" मी गप्प.

लॅबमधल्या मुलाने व्हिकॅटचा, म्हणजे सिमेंट सेट व्हायला किती वेळ लागतो ते सुईने बघायचा, प्रयोग समोर दाखवला, हे त्याचे उपकार. एका साच्यात डिस्टिल्ड पाण्याचं सिमेंट, दुसऱ्यात आमच्या पाण्याचं. ३०० ग्रॅमच्या दांड्याखाली एक मिलिमीटरची चौकोनी सुई. दर थोड्या वेळाने ती सोडायची, पुसायची, जागा बदलून पुन्हा सोडायची. सुरुवातीला ४० मिलिमीटर उंचीच्या साच्यात थेट तळाला टेकायची. ती तळापासून पाच मिलिमीटरवर अडली की पहिलं सेटिंग. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६, त्याप्रमाणे दोन्हींच्या पहिल्या सेटिंगच्या वेळेत तीस मिनिटांपर्यंत फरक चालतो. आमचा फरक दहासुद्धा नव्हता!

म्हणजे माल पाण्याने नाही, उन्हाने पकडत होता. लॅबमध्ये २७ अंश, आमच्या साइटवर चाळिशीच्या वर, घमेलं हात लावायला नको इतकं तापलेलं. मी जरा खट्टूच झालो.

मग रिपोर्टचं दुसरं पान. क्लोराइड लिटरला अकराशे मिलिग्रॅमच्या वर. लोखंड नसलेल्या काँक्रीटला मर्यादा २०००, आरसीसीला, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटला, ५००. सिमेंटला हे पाणी चाललं असतं, सळईला नाही. काही क्लोराइड सिमेंटमधला ॲल्युमिनेट नावाचा घटक धरून ठेवतो, उरलेलं मोकळं सळईपर्यंत पोचतं आणि तिच्यावरचा संरक्षक थर फोडतं. हे काही आज दिसत नाही. गंज फुगला आणि सळईवरचं काँक्रीटचं कव्हर सुटलं की कळतं, तोवर ठेकेदार फोन उचलत नाही.

स्लॅब टँकरने करायचं ठरलं. पहिला टँकर आला, मी ओंजळभर चाखलं: तोही मचूळ! ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "बोरनुं ज छे ने, काका." परत पाठवला. दुसऱ्याकडून नळाचं पाणी असलेला मागवला, त्याचाही नमुना आधी लॅबला दिला, रिपोर्ट येईपर्यंत स्लॅब चार दिवस पुढे गेला. क्युरिंगलाही, म्हणजे नंतर स्लॅब ओला ठेवायलाही, तेच पाणी.

बोअरच्या नळाला मी लाल चिंधी बांधली. स्लॅबच्या दिवशी पहाटे पाचला मिक्सर सुरू केला, ऊन चढायच्या आत निम्मं झालं. माल आरामात पसरत होता. मिस्त्री कुरकुरला, "आ पाणीमां मजा नथी, काका."