व्याह्यांना क्रूझ हवी होती

नागपूरचे व्याही-विहीणबाई आणि त्यांची चार माणसं कोल्हापूरला यायची ठरली, तेव्हा व्याह्यांची फर्माईश आधीच फोनवर आली. "ताई, दिवसा उन्हात फिरवू नका. एका संध्याकाळी सगळं बसवा. थोडं गाव, नदीत बोट, मग तुमच्याकडचं जेवण." आदल्या वर्षी ते बँकॉकला जाऊन आले होते. तिथं चाओ फ्राया नदीत दिव्यांच्या माळा लावलेल्या मोठ्या बोटीत बसून जेवायचं आणि काठावरचं वाट अरुणचं देऊळ उजळलेलं बघायचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आमचे हे शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पंचगंगेत क्रूझ? पूर आल्यावर बोलवा म्हणावं."

ह्यांची थट्टा होती, पण खोटं नव्हतं. शुक्रवार पेठेत राहणाऱ्याला पंचगंगेतली बोट म्हटलं की पावसाळाच आठवतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका, आणि जामदार क्लबाकडं पाणी चढलं की आमची सामान वर हलवायची गडबड. 2019 आणि 2021 ला बोटी आल्या त्या माणसं बाहेर काढायला. पाऊस सरला की नदी उतरते आणि बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात. ज्याला सगळीकडं कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात तो हाच. शेतीला उत्तम, पण नदीचे असे तुकडे पडल्यावर बोट जाणार किती लांब? चाओ फ्राया समुद्राजवळची, रुंद, खोल नदी. आमची पंचगंगा प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र आल्यावर तयार होते (पाचवी सरस्वती, ती गुप्त), आणि नृसिंहवाडीला कृष्णेत जाऊन संपते. तेवढ्यात तिनं किती शेतं भिजवायची आणि किती पाहुण्यांना फिरवायचं!

तरी पाहुण्याला 'नाही' कसं म्हणायचं? म्हणून एका ट्रॅव्हलवाल्याकडं चौकशी केली. त्यानं लगेच 'इव्हिनिंग पॅकेज' काढलं. त्यात क्रूझ होती! जरा खोदून विचारल्यावर कळलं की क्रूझ म्हणजे रंकाळा तलावातली बोट, जेवण म्हणजे हायवेवरचं एक हॉटेल, आणि गाव म्हणजे गाडीच्या काचेतून न्यू पॅलेस. आकडा ऐकून मी त्याला पाणी विचारलं आणि वाटेला लावलं.

खरी नदीतली नाव हवी असेल तर आमच्या जिल्ह्यात ती वाडीला, म्हणजे नृसिंहवाडीला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नावेतून फेरी मारता येते, वर दत्ताचं दर्शन, बासुंदी, कवठाची बर्फी. पण वाडी शहरापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. संध्याकाळ तिथंच जाणार आणि कोल्हापूर बघायचं राहणार. मुलीचं सासर पहिल्यांदा माझ्या गावात येतंय आणि मी त्यांना गावाबाहेर नेणार, हे मला पटेना. मग मी पाण्याचे दोन भाग केले. बोटीत बसायचं रंकाळ्यात, आणि नदी बघायची पंचगंगा घाटावर, पायऱ्यांवर बसून. व्याह्यांना फोनवर एवढंच सांगितलं, "बोट आहे, नदी आहे, जेवण आहे. तिन्ही एका जागी नाहीत."

आता दिवस. बाहेरच्यांना वाटतं कोल्हापुरात रोज मटण. तसं नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार कुणाचा ना कुणाचा वार असतो, त्यात एकादशी, संकष्टी. बुधवार, शुक्रवार, रविवार हे इथले मटणाचे वार, त्या दिवशी दुकानांपुढं रांगा असतात आणि माल ताजा असतो. शुक्रवार अंबाबाईचा, त्या दिवशी देवळात गर्दी आणि रात्री पालखी. रविवारी सगळं पुणं-सांगली कोल्हापुरात. राहिला बुधवार. पाहुण्यांनाही तो चालत होता.

वेळेचं गणित मात्र मी जेवणावरून नाही, सूर्यावरून केलं. नोव्हेंबरअखेर आमच्याकडं सहाच्या आसपास सूर्य मावळतो. बोट त्याच्या आधी झाली पाहिजे. बोटवाल्याला फोन करण्यापेक्षा आदल्या दिवशी फिरायला गेले तेव्हाच समक्ष विचारून आले. रंकाळ्याचं काही सांगता येत नाही. कधी केंदाळ (जलपर्णी) वाढतं, कधी वारा असतो, कधी दुरुस्तीच निघते. तो म्हणाला, "मावशी, पाच-सव्वापाचला या. सूर्य टेकला की आम्ही नवीन माणसं घेत न्हाई." लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत का, ते उघडून दाखवायला लावले. व्याह्यांचा घेर बघता एक मोठं बाजूला ठेवायला सांगितलं.

त्यावरून मला बाकीचा क्रम सुचला. ज्याची वेळ ठरलेली ते आधी, ज्याला किती वेळ लागेल देव जाणे ते नंतर. अंबाबाईची रांग दुसऱ्या प्रकारातली. बरेच जण पाहुण्यांना आधी देवीला नेतात, रांगेत दीड तास जातो आणि रंकाळ्यावर पोचेपर्यंत अंधार. माझ्या सासूबाई असत्या तर 'देवीच्या आधी बोट?' म्हणून बोलल्या असत्या. पण देवी काही सहाला मावळत नाही.

खानावळीत सकाळीच सांगून ठेवलं. तिथं टेबल राखत नाहीत, पण आठ माणसं येणार म्हणून मटण राखतात. त्यातली दोघं शाकाहारी, विहीणबाई आणि त्यांच्या जाऊबाई. त्यांच्यासाठी अख्खा मसूर, भरलं वांगं आणि दही-कांदा वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पळीनं. हे तोंडानं सांगून भागत नाही. मालकिणीला समोर उभं करून सांगितलं. तिनंही न चिडता ऐकून घेतलं, घरात एक तरी माळकरी असतोच म्हणाली.

गाडीचा प्रश्न उरला. एकच मोठी गाडी करा, असं सगळे सांगत होते. मोठी गाडी पेठांच्या गल्लीत शिरत नाही, बिंदू चौकात लावायची आणि मग गुडघेदुखीच्या माणसांना चालवायचं. मी आमच्या स्टॉपवरच्या तीन रिक्षा संध्याकाळभरासाठी ठरवल्या. कोल्हापूरची रिक्षा नटवलेली असते, तेही बघण्यासारखं आहे. एकीत तर आरसे, झालर, शाहू महाराजांचा फोटो आणि आत मंद निळा दिवा. व्याही तिच्यातच बसले आणि रात्री उतरेपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.

चारला निघालो ते खासबागेत. शाहू महाराज 1902 साली विलायतेला गेले होते, येताना रोमचं ते जुनं गोल मैदान बघून आले आणि तसं कुस्तीचं मैदान आपल्याकडं हवं म्हणून 1912 साली हे उभं राहिलं. आत पाऊल टाकलं की कळतं, कुठंही बसा, मधला हौदा दिसतोच. शेजारी संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, 1915 चं पॅलेस थिएटर. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते जळालं. त्या रात्री आमच्या गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा घराबाहेर येऊन त्या दिशेनं बघत उभी होती. व्याही नाटकवेडे. त्यांनी नाट्यगृहाबद्दल इतकं विचारलं की माझा वेळेचा हिशेब हलायला लागला आणि हे मागून खुणा करायला लागले.

रंकाळ्यावर पाच वाजून गेले होते. बोट साधीच, ना जेवण ना संगीत. पण पश्चिमेकडं शालिनी पॅलेस, त्याच्या मागं सूर्य उतरत चाललेला, आणि पाण्यात अर्धा बुडालेला संध्यामठ. व्याह्यांनी जॅकेटचा पट्टा आवळला, एका हातानं बोटीची कड धरली आणि दुसऱ्या हातानं मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, क्रूझवर एवढा घाबरला नव्हता." ते म्हणाले, "तिथं पाणी दिसत नव्हते ना, नुसते दिवे दिसत होते." मला हे आवडलं. बोट लहान असली की माणूस पाण्याच्या जवळ बसतो. फेरी लवकर संपली, आणि कुणी आणखी एक मागितलीही, पण बोटवाल्यानं आकाशाकडं बोट दाखवलं.

तिथून गंगावेशीत दूध कट्ट्यावर. म्हशी उभ्या, गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसासकट पेला हातात. इथं माझ्या यादीतली गोष्ट विहीणबाईंनी एका वाक्यात कापली. "रात्री मटण खाणाऱ्यांनी दूध प्यायचे नाही." मग दूध प्याल्या त्या आणि जाऊबाईच. बाकीचे चौघे पाहुणे ओठावर फेस आलेल्या त्या दोघींकडं बघत उभे. रिक्षावाल्यांनी मात्र बिनधास्त एकेक पेला मारला. त्यांना काही होत नाही म्हणे.

घाटावर पोचलो तेव्हा उजेड जेमतेम होता. पायऱ्या, दीपमाळा, पाण्याकडंची छोटी देवळं, पलीकडं ब्रिटिशांच्या काळातला शिवाजी पूल. ही देवळं पावसाळ्यात पाण्याखाली जातात, हे सांगितलं तर पाहुण्यांना खरं वाटेना. मग ह्यांनी एका भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ दाखवली, ती व्याह्यांच्या डोक्याच्या वर होती. कार्तिकी पौर्णिमेला पहाटे याच पायऱ्यांवर हजारो पणत्या लागतात, तो दीपोत्सव नुकताच होऊन गेला होता, कोपऱ्यात दोन-चार फुटक्या पणत्या अजून पडलेल्या. इथं मी कुणाला घाई केली नाही. दोन पोरं पोहून वर आली आणि थंडीनं कुडकुडत टॉवेल शोधत होती. व्याह्यांनी मोबाइल खिशात ठेवला. विहीणबाईंनी ओंजळभर पाणी पायांवर घेतलं आणि आम्ही दोघी मुलीच्या गोष्टी बोलत बसलो. दोन घरांच्या आयांना असं निवांत बोलायला एरवी कधी मिळतं?

देवळात रांग होतीच. गुडघेवाल्यांनी मुखदर्शन घेतलं, बाकीचे रांगेत उभे राहिले. बाहेर महाद्वाराशी उभं राहून मी किरणोत्सव समजावला. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटाला मावळतीची किरणं या पश्चिमेच्या दारातून थेट गाभाऱ्यात शिरतात, पाय, मग छाती, मग मुख असं चढत जातात, कधी ढग किंवा धुकं आडवं आलं की कमरेवरच थांबतात. व्याही म्हणाले, आम्ही दोन आठवडे आधी यायला पाहिजे होतं. मग चप्पल लाइनीत जायचंच होतं. तिथं जे झालं ते सगळ्यांकडं होतं, कानाला करकर ऐकून जोडी निवडायची आणि दुसऱ्या दुकानात तीच स्वस्त मिळते का बघायचं.

खानावळीत बसायला साडेनऊ झाले. आता खरी परीक्षा, कारण समोर नागपूरकर. तांबडा रस्सा आला, पांढरा रस्सा आला, सुकं आलं, ज्वारीची भाकरी. पांढऱ्याची वाटी बघून धाकट्या व्याह्यांना ती खीर वाटली. मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू, वरून खडा मसाला. पहिला घोट घेतला आणि त्यांनी वाटी खालीच ठेवली नाही. तांबड्यावर मात्र व्याह्यांनी निकाल दिला. "ताई, रंग झकास आहे. पण तिखट? आमच्या सावजीत डोळ्यांतून पाणी येते."

ही गोष्ट मला बाहेरच्या प्रत्येकाला सांगावी लागते. तांबड्याचा लाल रंग म्हणजे नुसता ठसका नव्हे. कांदा-लसूण चटणीत भाजलेलं खोबरं, तीळ, धणे असतात, चव त्यांची. हॉटेलात 'कोल्हापुरी' लिहून वर लाल तेल ओततात, तो आमचा पदार्थ नाही. सावजी जास्त जहाल आहे, हे मी तिथल्या तिथं मान्य केलं. ह्यांनी केलं नाही. ह्यांनी वाढप्याला हाक मारून व्याह्यांच्या वाटीत मिरचीचा खर्डा घालायला सांगितला.

वाढपी विचारत राहिला, "पाव्हणं, रस्सा वाढू?" रस्सा हवा तेवढा, ही इथली रीत. विहीणबाईंच्या पानात मसूर वेगळ्या पळीनंच आला, मी बघत होते. खर्ड्यानंतर व्याह्यांचा चेहरा तांबड्याच्या रंगाला गेला, पण तक्रार आली नाही. उलट त्यांनी मसाल्याची कृती विचारली आणि मालकिणीनं चटणी सोडून सगळं सांगितलं.

बिलावरून ह्यांची आणि व्याह्यांची झटापट झाली, ती रिक्षावाल्यांनी सोडवली. रिक्षाचे पैसे व्याह्यांनी दिले, जेवणाचे आम्ही. निघताना विहीणबाईंनी दोन किलो कांदा-लसूण चटणी मागितली आणि व्याही रिक्षात बसता बसता म्हणाले, "ताई, पुढच्या खेपेला ती वाडीची नाव. बासुंदी आहे म्हणालात ना?"