घोणस दिसत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पावसात भटकायला जाणारे सगळे नागाला घाबरतात, पण मला विचाराल तर खरं टरकायला हवं ते घोणशीला. नाग निदान फणा तरी काढतो. ही बया पडल्या जागेवरून हलतच नाही. अंग तपकिरी, त्यावर लांबट गोल ठिपक्यांच्या 3 रांगा, ठिपक्यांना काळी कड आणि बाहेरून फिकट किनार, आणि हे सगळं सुक्या पाल्यात पडलं की ऊन-सावलीत असं काही मिसळतं की डोळ्याला सापाची आउटलाइनच मिळत नाही, नुसती पानंच दिसतात.

आणि हे लपणं काही आपल्यासाठी नाहीये हां, उंदीर जवळ यावा म्हणून आहे. चापडा हा दुसरा साप तर अजून भारी, हिरवागार, बांबूवर तासन्‌तास गप्प पडून, आणि डोळा नि नाकपुडीच्या मधल्या खड्ड्याने त्याला अंधारातही गरम रक्ताचं भक्ष्य कळतं. अनफेअर आहे यार!

घोणस डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते खरी, पण दरवेळी वॉर्निंग मिळेलच असं नाही. तेव्हा पाल्यात चपला घालून शिरू नका. चावलीच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको, सरळ सरकारी हॉस्पिटल गाठा, अँटीव्हेनमशिवाय इलाज नाही.