तेहतीस पॉइंट आणि एक डाऊन

"अहो, दोघांचे मिळून ३३ पॉइंट होते!" नौपाड्यातल्या दुपारच्या ब्रिजच्या डावात काका हे म्हणेपर्यंत डावीकडच्या प्रतिस्पर्ध्याने चौकटचा एक्का आणि पाठोपाठ राजा वाजवलासुद्धा. ६ इस्पिकची बोली, एक डाऊन (१२ हात हवे होते, एक कमी पडला).

काकांकडे २१ पॉइंट, समोरच्या भिडूकडे १२ (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १; चारही रंगांचे मिळून ४०). बोली १ इस्पिक – ३ इस्पिक, मग काकांचं ४ नो ट्रम्प, म्हणजे ब्लॅकवूड: 'तुझ्याकडे एक्के किती?' हा प्रश्न. उत्तर ५ चौकट, म्हणजे एक एक्का. बाहेर एकच एक्का उरला, म्हणून ६.

पण काकांच्या हातात चौकटची दुर्री-पंजी, भिडूकडे राणी-गुलाम-तिर्री. ४० मधून ३३ गेले की उरतात ७. एक्का-राजा एकाच रंगात असले की खेळ खलास. ब्लॅकवूड एक्के मोजतं, ते कुठल्या रंगात हे सांगत नाही. चौकटचा कंट्रोल (तो रंग पहिल्या-दुसऱ्या फेरीतच रोखायची सोय) नसताना ते विचारायचंच नाही.

त्याऐवजी ३ इस्पिकवर ४ किलवर क्यू-बिड (त्या रंगात कंट्रोल आहे हे सांगणारी बोली) केलं असतं, तर भिडू ४ चौकट टाळून सरळ ४ इस्पिकवर आला असता. काका पास, ११ हात बिनघोर. (राणी-गुलाम हा कंट्रोल नव्हे, बरं का.)

मात्र क्यू-बिडला फक्त एक्का-व्हॉइड (त्या रंगाचं एकही पान नसणं) चालतात की राजा-सिंगलटनही (एकच पान असणं), हे आधी ठरायला हवं. तुमच्या जोडीत काय ठरलंय?